डेक त्याचा, कॅसेटी माझ्या

बँकेच्या नियमाप्रमाणे एखाद्या बचत खात्यात खातेदाराने सलग दोन वर्षं काही भरलं नाही, काही काढलं नाही, की ते खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेकडे रवाना होते. २०१४ पासून त्यासाठी वेगळा निधीच आहे. पुढेमागे खातेदार किंवा त्याचा वारस उगवला तर पैसे परत मिळतात. फक्त त्याला आपण आपणच आहोत, हे आम्हाला पटवून द्यावं लागतं. हे काम किती अवघड आहे, ते मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून गेली बावीस वर्षं पाहतो आहे.

हे आठवायचं कारण म्हणजे आमचा माळा. दिवाळीच्या साफसफाईत मी स्टुलावर चढून माळ्यात डोकं घातलं होतं आणि ही खाली स्टूल धरून उभी होती. (लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण स्टूल तिने धरावं इतपत विश्वास अजून शिल्लक आहे.) मुलीचा पाळणा, तांब्याचा बंब, बिनदांड्याची छत्री, अशी सगळी मालमत्ता ओलांडल्यावर मागे बिस्किटांचा एक पुठ्ठ्याचा खोका लागला. आत कॅसेटी. एकूण त्रेचाळीस. मोजल्या, कारण मोजणं हा माझा धंदाच आहे.

"किती वर्षं झाली वाजवून?" खालून प्रश्न आला.

मी गप्प.

"मग काढून टाका."

रिझर्व्ह बँक निदान दहा वर्षं थांबते.

भंगारवाल्याला बोलावलं, तर तो म्हणाला, "साहेब, प्लास्टिक घेतो. पण आतली पट्टी तेवढी काढून ठेवा." साठ मिनिटांच्या एका कॅसेटमध्ये साधारण नव्वद मीटर फीत असते. त्रेचाळीस गुणिले नव्वद म्हणजे तीन हजार आठशे सत्तर मीटर. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय तेसुद्धा माझ्याच्याने इतकं होत नाही. तेव्हा मी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवला.

एवढ्यात मुलगी आली. "बाबा, हे काय आहे?"

"अल्बम."

"फोटो कुठायत?"

तसा तिचा प्रश्न अगदीच अडाणीपणाचा नव्हता. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपायची. त्यामुळे एखादी लांबलचक रचना विकायची तर पाच-सहा तबकड्या लागत, आणि त्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकात घालून विकत. अल्बम हे नाव तिथून आलं. पुढे १९४८ साली लाँगप्ले आली, सगळं एकाच तबकडीत मावायला लागलं, पण नाव तसंच राहिलं. आमच्या शाखेत रोखपालाच्या पिंजऱ्याला पिंजरा म्हणतात तसंच. जाळी जाऊन काच आली तरी आतला प्राणी तोच.

कॅसेट आली १९६३ साली, हॉलंडच्या फिलिप्स कंपनीकडून. लू ओटेन्स नावाच्या इंजिनियरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती बनवली. हा भला माणूस २०२१ साली वारला, तेव्हा आमच्या पिढीने एक दिवसाचं सुतक पाळायला हरकत नव्हती. तबकडी कशी तोलामोलाची चीज; तिला कपड्याने पुसा, सुई जपा, पोरांना लांब ठेवा. कॅसेट मात्र पडली, आपटली, चहात बुडाली तरी गायची. शिवाय तिच्यात एक गुण असा होता की, जो तबकडीत कधीच नव्हता: तिच्यावर आपल्याला हवं ते भरता यायचं. आणि आधीचं पुसताही यायचं. या गुणाबद्दल मला पुढे बोलायचं आहे.

आपल्याकडे बरीच वर्षं रेकॉर्ड म्हणजे एचएमव्ही आणि एचएमव्ही म्हणजे भोंग्यासमोर बसलेला कुत्रा, एवढंच समीकरण होतं. ते मोडलं दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचं दुकान असलेल्या घरातल्या एका मुलाने. गुलशनकुमार त्याचं नाव. कॉपीराइटच्या कायद्यात एक खिडकी होती. मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली की रीतसर नोटीस आणि स्वामित्वधन देऊन तेच गाणं दुसऱ्या गळ्यातून काढता येत असे. टी-सीरिजने त्या खिडकीचा दरवाजा केला. रफीची गाणी सोनू निगमने म्हटली, लताबाईंची आमच्या अनुराधा पौडवालांनी. मूळ खातेदार हजर नसला तर कुलमुखत्याराच्या सहीने व्यवहार होतो, त्यातलाच प्रकार. जाणकारांनी नाकं मुरडली, पण कॅसेट स्वस्त झाली आणि पानाच्या टपरीवर, किराणा दुकानात मिळू लागली. १९९० च्या 'आशिकी'च्या कॅसेटी तर इतक्या खपल्या, की आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे टेप नव्हता त्यांनीही घेतली. १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरीत देवळातून बाहेर पडताना गुलशनकुमारांचा गोळ्या घालून खून झाला. त्या दिवशी कॅसेटवाल्याच्या दुकानात कोणतंच गाणं लावलेलं नव्हतं. तशी शांतता त्या दुकानात मी एकदाच ऐकली.

या कॅसेटवाल्याबद्दल वास्तविक वेगळा लेख व्हायला हवा. नवी कॅसेट घ्यायला पैसे नसले की आपण गाण्यांची यादी करायची, कोरी कॅसेट घेऊन त्याच्याकडे जायचं आणि 'भरून' आणायची. (हे बेकायदा होतं हे मला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी कळलं. तोवर मी निष्पाप होतो. नंतर नुसता गप्प होतो.) बाजू संपताना शेवटचं गाणं पुरं बसलं नाही तर तो ते मधेच कापायचा. त्यामुळे काही गाणी दुसऱ्या कडव्याच्या पुढे असतात, हे मला अजूनही खरं वाटत नाही. आणि जागा उरलीच, तर त्याच्या आवडीचं एक गाणं फुकट. त्याला अल्ताफ राजा आवडायचा. माझ्या सगळ्या भक्तिगीतांच्या कॅसेटी अल्ताफ राजावर संपतात.

पण माझ्या खोक्यातला खरा ऐवज सिनेमाबाहेरच्या गाण्यांचा. १९९१ नंतर देश खुला झाला म्हणतात. आमच्या डोंबिवलीत तो गच्चीवरच्या वायरीतून आला. केबल आली. गाणं ऐकायचंच नव्हे तर बघायचंही असतं, आणि त्यात सिनेमा असलाच पाहिजे असं नाही, हा शोध आम्हाला लागला. १९९२ साली बाबा सहगल 'ठंडा ठंडा पानी' घेऊन आले. ती चाल व्हॅनिला आइस या गोऱ्या गायकाच्या १९९० च्या गाण्यावरून घेतलेली होती, आणि त्याने तिचा ठेका क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१ च्या गाण्यावरून उचलला होता. म्हणजे एकच सातबारा तीन बँकांत गहाण! कर्ज खात्यावर बसणारा माणूस अशा वेळी कौतुकाने मान डोलावण्यापलीकडे काय करणार?

१९९५ साली अलिशा चिनायचं 'मेड इन इंडिया' आलं. संगीत बिड्डूचं. हा मूळचा बंगलोरचा गृहस्थ विलायतेत जाऊन १९७४ मध्ये 'कुंग फू फायटिंग'सारखं गाणं करून बसला होता. पुढे त्याने पाकिस्तानच्या नाझिया हसनला 'आप जैसा कोई' दिलं. त्याच बिड्डूने आता अस्सल स्वदेशी मालाची जाहिरात केली. व्हिडिओत अलिशा राजकन्या, देशोदेशीचे राजपुत्र नापास, आणि शेवटी लाकडी खोक्यातून पॅकबंद निघतो कोण, तर आपल्या शिवाजी पार्कचा मिलिंद सोमण. सोमण आडनावाचा मुलगा परातीत नारळ-ब्लाऊजपीस न घेता, उघड्या अंगाने स्थळ म्हणून दाखवला जातो, याचा आमच्या आईला बसलेला धक्का बरेच दिवस टिकला. "पोहायला जायचा ना तो?" एवढंच ती म्हणायची. जणू काय पाण्यातून निघून तो थेट टीव्हीतच शिरला होता.

त्याच वर्षी दलेर मेहंदींचं 'बोलो ता रा रा' आलं. हे माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं दैवत. दादा अंगाने किरकोळ, स्वभावाने मवाळ, पण ती कॅसेट लागली की खुर्चीवर चढायचा. दलेरची गाणी त्यात नाचणाऱ्या मुलींमुळे चालतात, असा आरोप पुढे झाला. त्यावर त्याने १९९८ च्या 'तुनक तुनक तुन'च्या व्हिडिओत एकही मुलगी घेतली नाही. चार दलेर मेहंदी घेतले. ऑडिटच्या शेऱ्याला इतकं चोख उत्तर मी नोकरीत अजून पाहिलेलं नाही.

बाबांना यातलं काही मान्य नव्हतं. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांचं गाणं म्हणजे नाट्यसंगीत, भीमसेनांचे अभंग आणि १९७४ चं 'शिवकल्याण राजा'. त्यापुढे कालगणना बंद. शुभा मुद्गल यांची 'अली मोरे अंगना' ही १९९६ ची कॅसेट मी मुद्दाम आणली. म्हटलं, बाई ख्याल गाणाऱ्या आहेत, बघू काय म्हणतात. बाबा पेपर तोंडासमोर धरून बसले. पूर्ण बाजू संपली तरी पेपरचं पान उलटलं नव्हतं. "गळा तयार आहे," ते म्हणाले, "संगत वाईट आहे." १९९७ साली, स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली तेव्हा, रहमानचं 'वंदे मातरम्' आलं. नाव ऐकून बाबा उठून उभे राहिले. मग ठेका सुरू झाला. हे उभ्याने ऐकायचं की बसून, याचा निर्णय न झाल्यामुळे ते पहिलं गाणं संपेपर्यंत गुडघ्यात वाकून उभे होते.

एका बाबतीत मात्र आमचं पटायचं. जगजीत सिंग. १९९० साली त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. त्यानंतर 'समवन समव्हेअर' हा चित्रा सिंग यांच्याबरोबरचा शेवटचा अल्बम आला आणि त्यांनी गाणं थांबवलं. जगजीत सिंग गात राहिले. १९९१ ला लताबाईंबरोबर 'सजदा', १९९९ ला गुलजारांबरोबर 'मरासिम'. ते दशक असं या दोन कॅसेटींच्या मधे आहे. बाबांना उर्दू समजत नसे. पण 'सजदा' लागली की ते स्वयंपाकघरातल्या नळाची धार बारीक करून यायचे.

मराठीत त्या दशकाच्या अखेरीला 'गारवा' आला. सौमित्रचे शब्द, मिलिंद इंगळेचा आवाज. त्याच्या दोन प्रती मी कॉलेजात दोन वेगवेगळ्या मुलींना भेट दिल्या होत्या. त्यातली एक आता आमच्याच शाखेची कर्जदार आहे. हप्ते वेळेवर भरते. या विषयावर मी घरी बोलत नाही, इथेही पुरे.

आता लकी अली. १९९६ चा 'सुनो'. विनोदी नट मेहमूदचा हा मुलगा; पण त्याच्या आवाजात असं काही होतं, की वाटायचं हा माणूस रात्रीच्या गाडीत दाराशी बसून एकटाच गातोय आणि आपण चुकून ऐकतोय. 'ओ सनम'च्या व्हिडिओत इजिप्तचे पिरॅमिड होते. मी तेव्हा बारावी कॉमर्सला. कॉलेजातल्या एका मित्राने कॅसेट एका रात्रीपुरती दिली. सकाळी परत. महिनाअखेर, कोरी कॅसेट आणायला खिशात पैसे नाहीत. घरात डबल डेक, म्हणजे एका बाजूला वाजवा आणि दुसऱ्या बाजूला भरा. भरायला काहीतरी हवं होतं.

बाबांच्या खणात एक साठ मिनिटांची होती. कार्डावर बाबांच्या वळणदार अक्षरात: 'गणेशोत्सव १९८८. नाट्यसंगीत.' सोसायटीच्या गणपतीत बाबांनी गाण्याचा कार्यक्रम केला होता आणि शेजारच्या काकांनी आखातातून आणलेल्या टेपवर तो घेतला होता. चुकून पुसली जाऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही चकत्या बाबांनी मोडून टाकल्या होत्या. त्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. पण भोकांवर सेलोटेप लावली की जातं. हे त्या वयात सगळ्या मुलांना माहीत असायचं. मी सेलोटेप लावली. मला वाटलं, शेजारच्या काकांकडे मूळ प्रत असेल. वाटलं म्हणजे, विचारलं नाही.

पहिल्या बाजूला सातेक मिनिटं उरली होती, तिथे सकाळी दादाने दलेर मेहंदी कोंबला. जागा रिकामी सोडणं आमच्या घराण्यात नाही. दुसऱ्या बाजूपर्यंत पोचायच्या आत त्याची लोकल आली.

मूळ प्रत कुणाकडेच नव्हती. हे आईने चार दिवसांनी सांगितलं, भाजी निवडता निवडता, मान वर न करता. बाबा काहीच बोलले नाहीत. ते फक्त टेबलाशी बसले, ती कॅसेट घेतली, पट्टी लावून लाल शाईने 'गणेशोत्सव १९८८. नाट्यसंगीत' यावर एक सरळ रेघ मारली, खाली लिहिलं, 'लकी अली. सुनो. १९९६', आणि खाडाखोडीशेजारी लघुसही केली. मग कॅसेट माझ्या हातात देत म्हणाले, "भरलंय ना नीट? खरखर नाही ना?"

मी म्हणालो, "नाही."

बाबा २००९ साली गेले. त्या दोन तारखांमध्ये तेरा वर्षं होती आणि आम्ही रोज एका ताटलीत पोहे खात होतो. एवढं एक वाक्य बोलायला सवड झाली नाही.

पुढे घराच्या वाटण्या झाल्या. कुठलीही कुरबुर नाही, सोसायटीत आमचं उदाहरण देत. दादा थोरला, म्हणून डेक त्याला. कॅसेटी बहुतेक माझ्या पैशाच्या, म्हणून मला. वाटणीपत्राचा मसुदा मी केला, दादाने तपासला. दोघेही कॉमर्सचे. डेकशिवाय कॅसेट आणि कॅसेटशिवाय डेक यांचं करायचं काय, हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. दादा तो डेक घेऊन कल्याणला गेला आणि त्याच्यावर फुलदाणी ठेवली. भांडण नव्हतं. नुसतं दोन गावांत जाऊन राहिलं की होतं तसं झालं. दिवाळीला फोन, लग्नकार्यात भेट.

तर त्या माळ्यावरच्या खोक्यात तळाशी ती कॅसेट होती. लाल रेघ, लघुसही, सगळं जिथल्या तिथे. मी दादाला फोन केला.

"डेक चालतो का?"

"फुलदाणी चांगली राहते त्याच्यावर," दादा म्हणाला. मग थोडं थांबून, "कुठली कॅसेट?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "ये रविवारी."

डेक उघडला तर आतला रबरी पट्टा विरघळून काकवी झाला होता. रबराचं तसंच होतं म्हणे. दोन शनिवार हिंडल्यावर लॅमिंग्टन रोडला एका म्हाताऱ्या कारागिराकडे पट्टा मिळाला. त्याने तो बसवला, स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसलं आणि विचारलं, "काय ऐकणार?" आम्ही दोघं एकदम म्हणालो, "लकी अली." त्याने आमच्या टकलांकडे पाहिलं.

कल्याणला वहिनींनी बटाटेवडे केले होते. पहिली बाजू लावली. लकी अली थोडा बसका झाला होता, पण गात होता. मग दलेर. दादा खुर्चीवर चढला नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. नुसता खांदे हलवत बसला. दुसरी बाजू. लकी अलीचं शेवटचं गाणं संपलं. दोघांच्याही वड्याचा घास हातात. एक 'खट' असा आवाज आला, मी १९९६ साली बटण दाबलं होतं तो. मग खरखर. मग टाळ्या.

गाणं नव्हतं. गाणं सगळं गेलं होतं, भैरवीसुद्धा. होतं ते आभारप्रदर्शन. सेक्रेटरी मंडपवाल्याचे, लाऊडस्पीकरवाल्याचे, वर्गणीदारांचे, सगळ्यांचे आभार मानत होते आणि मागे पोरं ओरडत होती. त्यात दादाचा आवाज असणार, किंवा माझा. मग माईक कुणीतरी ओढल्यासारखा कर्कश वाजला आणि अगदी जवळून बाबांचा आवाज आला.

"पेटीवाल्यांना चहा मिळाला का हो?"

लांबून काहीतरी उत्तर.

"नाही? मग माझा द्या त्यांना. गार आहे? असू दे, त्यांना गारच लागतो."

हशा. कुणीतरी मागून 'वन्स मोअर' म्हणालं. बाबा म्हणाले, "आता नाही. उद्या ऑफिस आहे." भाता बंद करताना पेटी सोडते तो उसासा आला, आणि बाजू संपली.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, वडे गार होतायत." मग आपलं काय चुकलं ते न कळून त्या आत गेल्या.

"परत लाव," दादा म्हणाला.

रिवाइंडचं बटण चालेना. पुतण्याच्या कंपासमधून षटकोनी पेन्सिल आणली. मी कॅसेट हातात घेतली, तर दादाने ती काढून घेतली. "तू नको. तुझा भरवसा नाही." तो स्वतः फिरवत बसला. मग नखाने त्याने पाठीवरची सेलोटेप खरवडली. एकोणतीस वर्षांत ती पिवळी पडून भुगा झाली होती. पुढे वाट्टेल तेवढं रेकॉर्डचं बटण दाबा.

तोवर मी कार्ड काढलं. लाल पेन माझ्या खिशात असतंच. बाबांच्या ओळीखाली लिहिलं, 'बाजू ब, शेवटची चार मिनिटं: बाबा.' शेजारी लघुसही केली.

दादाने चष्मा लावून वाचलं. "संयुक्त खातं आहे," तो म्हणाला, "एकाच्या सहीने चालायचं नाही." आणि त्याने माझ्याशेजारी सही केली.

कॅसेट सध्या कल्याणला आहे. ती तिथेच ठेवायची, की डेक डोंबिवलीला आणायचा, यावर रोज रात्री साडेनऊला फोनवर चर्चा चालू आहे. अजून निर्णय झालेला नाही.